मोरीची नैसर्गिक स्वच्छता
मोरी, न्हाणीघर व स्वयंपाकाचा ओटा यांतील सांडपाण्याची वाट घरगुती पदार्थांनी मोकळी ठेवण्याची पद्धत. ‘मोरी’ शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. तो देशी मानण्याकडे काहींचा कल आहे. तथापि फारसीत ‘मोरी’ म्हणजे पाण्याची वाट, मातीचा नळ. त्यामुळे शब्द तिकडून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत मात्र नळाचे नाव धुण्याभांड्याच्या जागेला मिळाले. उलट, स्नानाशी नाते सांगणारी ‘न्हाणी’ नळकामात शिरली आणि ‘नहाणी ट्रॅप’ (मोरीच्या जाळीखालचा, पाणी साठवून ठेवणारा नळाचा भाग) हे नाव रूढ झाले.

पुण्यात 1750 च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरातील हौदांत आले. वाड्यांतील मोऱ्या बहुधा उघड्या, फरशीच्या. तेथे खराटा, राख व नारळाची शेंडी पुरेशी होती.

बंदिस्त नळांत खरी मेख ट्रॅपमध्ये असते. त्यात सुमारे 50 मिमी. पाणी साठून दुर्गंध अडतो. न वापरलेल्या मोरीतले हे पाणी आटते व वास येतो, तेव्हा तांब्याभर पाणी ओतले की पुरते. जाळी उचलली तर तिच्याखाली केसांचा गुंता, साबणाचा बुळबुळीत थर व भाताची शिते एकत्र चिकटलेली दिसतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा अधिक साचतो.

खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतल्यास कर्बवायूचा फेस येतो. त्याने मळ थोडा सैल होतो; परंतु दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात व उरते जवळजवळ खारे पाणी. तेलकट थरावर धुण्याचा सोडा व गरम पाणी अधिक उपयोगी, कारण तो जास्त अल्कधर्मी असतो. पीव्हीसी नळात उकळते पाणी ओतू नये. गरम पाणी 60° से. च्या आत असावे. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत व्हिनेगर किंवा लिंबू कदापि घालू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पूर्ण तुंबलेल्या नळाला यांपैकी काहीच पुरत नाही. तेथे रबरी पंप किंवा तार हवी. तुपाचे पातेले आधी कागदाने पुसून घेणे हाच सर्वांत गुणकारी उपाय होय.

अलीकडे बायोएंझाइमही वापरतात : 1 भाग गूळ, 3 भाग फळांच्या साली, 10 भाग पाणी, सुमारे 3 महिने आंबवून. पहिल्या महिन्यात बाटलीचे झाकण रोज सैल करावे लागते.