नौपाडा, ठाणे : मध्यमवर्गीय वस्तीचा ऱ्हास आणि बदल

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, रेल्वेमार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या मधोमध नौपाडा आहे. गोखले रोड, राम मारुती रोड, विष्णुनगर, घंटाळी, भास्कर कॉलनी, ब्राह्मण सोसायटी ही त्यातली ओळखीची नावे. लगतच्या पाचपाखाडीचा आणि चरईचा काही भागही या नोंदीत धरला आहे, कारण घडण एकच. नोकरदार मराठी मध्यमवर्गाची वस्ती म्हणून हा भाग वाढला आणि गेल्या दोन-तीन दशकांत तेच रूप तो झपाट्याने गमावतो आहे.

वस्तीचा ऱ्हास म्हटले की ओस घरे आणि पडकी दुकाने डोळ्यांसमोर येतात. नौपाड्यात तसे काही नाही. भाव पडले नाहीत, चढले. आणि ते चढले म्हणूनच ज्यांच्यासाठी ही वस्ती उभी राहिली त्यांना इथे जागा उरली नाही. हा फरक ध्यानात घेतला नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही.

घडण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. गिरगाव-दादरच्या चाळीत जागा पुरेना तेव्हा नोकरदार माणूस मध्य रेल्वेने उत्तरेकडे सरकला, त्यामागे हाच लोहमार्ग होता. दुसरे कारण कायद्यात आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी चाळ बांधण्यात कुणाला फायदा राहिला नाही. मग घर विकत घ्यायचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत 'ओनरशिपचा ब्लॉक' घ्यायचा. १९६०चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३चा सदनिका मालकी कायदा यांनी त्याला चौकट दिली. त्याच सुमारास वागळे इस्टेट उभी राहत होती, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येत होते. बँकेतला कारकून, रेल्वेतला बाबू, शाळेतली शिक्षिका, कारखान्यातला सुपरवायझर यांना भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून, सोसायटीचे कर्ज काढून आणि प्रसंगी बायकोच्या पाटल्या मोडून स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर वन रूम किचन घेता येत असे. एका पगारात, स्टेशनजवळ, स्वतःचे घर : नौपाड्याचा खरा अर्थ एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

इमारती साध्या. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, एका जिन्यावर दर मजल्याला दोन-तीन ब्लॉक. मोझॅकच्या लाद्या, कडाप्प्याचा ओटा, मोरीत पाण्याचे पिंप, स्वयंपाकघरात पोटमाळा, पुढे गॅलरी. दाराबाहेर आडनावाची पाटी, तिच्याखाली दुधाच्या पिशवीसाठी खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी. जिन्याखाली काळा फळा; त्यावर पाणी बंदची वेळ आणि सर्वसाधारण सभेची नोटीस खडूने लिहिलेली. आवारात नारळ, आंबा, तगर, सोनचाफा. शेजारपण या रचनेतूनच येत असे. जिना एकच, तेव्हा जाता-येता प्रत्येक जण दिसे. दार दिवसभर उघडे, तेव्हा कुणाकडे कोण आले ते कळे. आवारात गाड्या नसत, म्हणून लगोरी आणि क्रिकेट चाले. या घरांतली माणसे १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणीदार होती आणि १९७८ पासून गडकरी रंगायतनच्या तिकीटखिडकीपुढे रांग लावणारीही तीच.

बदलाची सुरुवात. शहर वाढत गेले. १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये अठरा लाखांवर गेली. ही वाढ मुख्यतः घोडबंदर रोड, पोखरण रोड, माजिवडा या बाजूला झाली. तिथले कारखाने एकेक करून बंद पडले आणि त्या जमिनींवर संकुले आली. नितीन कंपनी, गोल्डन डाईज ही नावे आता नाक्यांपुरती उरली आहेत, रिक्षावाल्याला सांगण्यापुरती. ज्या नोकऱ्यांच्या भरवशावर ब्लॉक घेतले गेले, त्यांतल्या बऱ्याच नोकऱ्याच गेल्या.

नौपाड्यात बदल आधी तळमजल्यावर आला. रस्त्यालगतच्या ब्लॉकचा दवाखाना झाला, मग क्लास, मग कपड्यांचे दुकान. राम मारुती रोड आणि गोखले रोड खरेदीचे रस्ते झाले. दिवाळीच्या पहिल्या पहाटे इथे आणि तलावपाळीवर शहरभरातली तरुण मुले नटूनथटून जमतात, पाय ठेवायला जागा नसते. तो सोहळा सुंदरच असतो, पण तो आता साऱ्या शहराचा आहे. गल्लीत राहणारे त्यात थोडे. मधल्या काळात पुढची पिढी संगणकाच्या नोकऱ्यांमागे पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. मुले इंग्रजी शाळेत घातली गेली आणि मराठी शाळांच्या तुकड्या घटल्या. हा निर्णय पालकांनी स्वतःच घेतला. त्याचे खापर बाहेरच्या कुणावर फोडणे प्रामाणिकपणाचे नाही.

पुनर्विकास. सर्वांत मोठा बदल इमारतींच्या वयाने घडवला. तीस वर्षांपुढच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातच, बी केबिन भागात, जुनी इमारत रात्री कोसळून माणसे दगावली. तेव्हापासून 'गिलावा पडतोय' हे वाक्य लोक हलक्यात घेत नाहीत. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. त्यात 'सी-१' म्हणजे तातडीने रिकामी करावयाची.

व्यवहाराचे गणित असे. सोसायटी बिल्डरला जमीन देते. तो जुन्या सभासदांना वाढीव कार्पेटचे, म्हणजे भिंतींच्या आतल्या जास्त जागेचे घर, बांधकाम होईपर्यंतचे भाडे आणि कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी देतो, आणि वर मिळालेल्या चटईक्षेत्रातली, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीतली घरे बाजारभावाने विकून आपला खर्च व नफा काढतो. शासनाच्या २००९च्या निर्देशांत पुनर्विकास ठरवणाऱ्या सभेला तीन चतुर्थांश गणसंख्येची अट होती. ४ जुलै २०१९च्या सुधारित निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. जमीनच संस्थेच्या नावावर नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे मूळ मालकाच्या सहीवाचून सरकारी आदेशाने जमीन संस्थेच्या नावावर करून घ्यावी लागते. पन्नास वर्षे एकमेकांकडे विरजण मागणाऱ्या घरांत पहिली फूट पडते ती याच सभांमध्ये. कुणाला जास्त कार्पेट हवे, कुणाला पैसे, कुणाला काहीच नको.

नव्या विक्रीच्या घरांची किंमत ठरवते की शेजारी कोण येणार. जुना सभासद मोठे घर मिळवतो खरा, पण लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, पार्किंगची यंत्रे यांचा देखभाल खर्चही त्याच्याच वाट्याला येतो. पेन्शनीतून तो भागत नसेल तर घर विकून तो बदलापूरकडे किंवा पुण्याला जातो. गेलेला हा माणूस कागदोपत्री फायद्यात असतो, त्यामुळे त्याच्या जाण्याची नोंद कुठे होत नाही. भाडेकरूची गत त्याहून वाईट. मालक असलेल्या सभासदाला भाडे आणि कॉर्पस मिळतो. त्याच ब्लॉकमध्ये अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या कुटुंबाला रिकामे करण्याची तारीख मिळते. आणि या सभासदाचा मुलगा, वडिलांइतकाच शिकलेला, वडिलांसारखीच नोकरी करणारा, नौपाड्यात स्वतःच्या पगारावर घर घेऊ शकत नाही. शिडी मोडली ती इथे.

  

अडकलेल्या गल्ल्या. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ १.१ चटईक्षेत्रावर (भूखंडाच्या १.१ पट बांधकामावर) टीडीआर म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क किंवा अधिमूल्याचे, म्हणजे शासनाला पैसे भरून मिळणारे क्षेत्र चढवता येत नाही. नौपाड्यातल्या आतल्या कितीतरी गल्ल्या जेमतेम सहा मीटरच्या आहेत. मोठ्या रस्त्यावर टॉवर उठतो आणि मागच्या गल्लीतली तितकीच जुनी इमारत तशीच राहते, कारण तिच्या गणितात बिल्डरला काही उरत नाही. अशा इमारतींत आज बहुतेक सत्तरीपुढची जोडपी राहतात. गुडघे गेलेले, लिफ्ट नाही. सकाळी भाजीवाला खाली हाक मारतो आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी हळूहळू खाली येते. तळाशी सुट्टे पैसे आणि काय हवे त्याची चिठ्ठी.