‘शेतकऱ्याच्या पोरांना शाळा नको असते’ हे खरं नाही

वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय: शेतकऱ्यांच्या मुलांना अभ्यासाची गोडी नसते, आईबापांना शाळेची किंमत नसते, म्हणून ती मध्येच शाळा सोडतात. वरवर हे पटतं, कारण डोळ्यांना फक्त रिकामा बाक दिसतो.

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी आठवडाभर खाडा, मग महिनाभर, मग वर्गात काय चाललंय तेच कळेनासं होतं. नाशिक जिल्ह्यात हे खाडे पिकामागे चालतात. भात निघाला की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येतात. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी, मार्च-एप्रिलला उन्हाळ कांद्याची. वार्षिक परीक्षाही तेव्हाच. आई शेतात गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते.

दुसरं कारण अंतर. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच हमी देतो, आणि गावची शाळा बऱ्याचदा चौथीला किंवा सातवीला संपते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शाळा सुटताना गाडीच नसेल तर?

पडताळून पाहायचं असेल तर शाळेत विनंती करून हजेरीपटावरून महिन्यागणिक गैरहजेरी मोजा. नावं नकोत, नुसते आकडे. शेजारी पिकांचे महिने लिहा. गोडीच नसती तर खाडे वर्षभर सारखे पडले असते. मग मुख्याध्यापकांना विचारा, कामासाठी गाव सोडणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलं होतं का? ते दाखवून मूल नव्या गावच्या शाळेत बसू शकतं.