राळेतून उठणारी हाक

जुलै २०२४मध्ये कॅनडातल्या जॅस्पर गावात वणवा शिरला आणि सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. अशी बातमी आली की ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात. कोप कसला? त्या खोऱ्यातले असंख्य पाइन वृक्ष आगीच्या आधीच वाळून उभे होते. त्यांना वाळवले होते तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याने.

माउंटन पाइन बीटल हे त्याचे नाव. तो परका नाही, पश्चिम उत्तर अमेरिकेतला मूळचाच. १९९०च्या दशकात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्याची संख्या बेसुमार वाढली आणि पुढच्या वीसेक वर्षांत १ कोटी ८० लाख हेक्टरांवरच्या जंगलाला त्याची झळ बसली. अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा हा प्रदेश.

एवढासा किडा एवढे मोठे झाड मारतो कसा? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. पाइनच्या सालीला भोक पडले की आतून राळ वाहू लागते. ती चिकट असते आणि विषारीही. एकटादुकटा किडा तिच्यात अडकून मरतो. या राळेत अल्फा-पायनीन असते. टर्पेंटाइनला जो वास येतो तो मुख्यतः त्याचाच. झाडावर पहिल्यांदा उतरते ती मादी. साल पोखरताना अल्फा-पायनीन तिच्या शरीरात जाते, तिथली विकरे त्याला ऑक्सिजन जोडतात आणि ट्रान्स-व्हर्बिनॉल तयार होते. हा गंध हवेत पसरला की आसपासचे भुंगेरे त्याच झाडाकडे झेपावतात. झाडाने शत्रूवर सोडलेले विषच शत्रूची हाक बनते! मग येणारे नर एक्झो-ब्रेव्हिकोमिन हा स्वतःचा गंध त्यात मिसळतात. सोबत आणलेली निळी बुरशी खोडातला पाण्याचा प्रवाह अडवते. गर्दी फार झाली की व्हर्बिनोन हा उलट, दूर सारणारा गंध वाढतो आणि नवे भुंगेरे शेजारच्या झाडाकडे वळतात.

म्हणजे सगळा खेळ संख्येचा. लॉजपोल पाइन या जातीच्या झाडाच्या दर चौरस मीटर सालीवर साधारण ४० भोकांपर्यंत निरोगी झाडाची राळ पुरी पडते; त्यापुढे झाड हरते. भुंगेरे थोडे असताना ते फक्त आजारी, दुबळी झाडे मारू शकतात. एकदा उंबरठा ओलांडला की धडधाकट झाडेही त्यांच्या आवाक्यात येतात.

पूर्वी हा उंबरठा थंडी राखायची. अळ्या हिवाळ्यापूर्वी अंगात ग्लिसरॉल साठवतात, म्हणजे आपण त्वचेला लावतो तेच ग्लिसरीन. ते पुरेसे साठले की त्यांना मारायला उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागते. मात्र साठा होण्याआधी, शरद ऋतूतच कडाका पडला तर त्या बऱ्याच कमी थंडीतही मरतात. हवामान तापले आणि दोन्ही प्रकारची थंडी विरळ झाली. त्यात अनेक दशके लहानमोठे वणवे विझवत राहिल्याने जुन्या, जाड पाइनची सलग जंगले तयार झाली होती. जाड सालीखालीच अळ्या उत्तम पोसतात.

२००६मध्ये वाऱ्यावर स्वार झालेल्या भुंगेऱ्यांच्या प्रचंड झुंडी रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात, म्हणजे जॅस्पर ज्या प्रांतात आहे तिथे, उतरल्या. २०११मध्ये तिथल्या जॅक पाइनवरही हल्ला झाल्याचे सिद्ध झाले. ही जात थेट अटलांटिकच्या बाजूपर्यंत पसरलेली आहे, आणि तिच्या राळेत अल्फा-पायनीन भरपूर असते. हाकेचा कच्चा मालच तो.

म्हणून अल्बर्टात किडीचा समूळ नायनाट करायचा, अशी भाषा कोणी करत नाही. संख्या उंबरठ्याखाली ठेवणे एवढेच ध्येय. हेलिकॉप्टरमधून लाल पडलेले शेंडे शोधतात. पण लाल झाड म्हणजे गेल्या वर्षीची गोष्ट, त्यातले भुंगेरे केव्हाच उडून गेलेले असतात. नवी पिढी असते शेजारच्या हिरव्यागार झाडात, आणि ते आकाशातून ओळखणे फार कठीण. उपग्रहाचे एक चित्र घेतले की काम झाले, असे सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. माणसे पायी जंगलात शिरतात, खोडावर राळेचे गोळे आणि बुंध्याशी पडलेला भुसा शोधतात. सापडलेली झाडे हिवाळ्यात तोडून तिथेच जाळतात, कारण उन्हाळ्यात नवे भुंगेरे उडायच्या आत ते काम व्हावे लागते. मोजक्या मोलाच्या झाडांवर व्हर्बिनोनच्या पुड्या टांगतात. जागा भरली, पुढे जा, हा भुंगेऱ्यांचाच निरोप त्यांना ऐकवायचा.