बिनतारी विजेचा सूर: जुळवणं आणि राखणं

बिनतारी विजेचा इतिहास बहुतेक जण टेस्लापासून सांगतात. मला मात्र 1889 मधला ऑलिव्हर लॉज यांचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी दोन सारख्या लायडन जार, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या बरण्या, थोड्या अंतरावर ठेवल्या. दोन्हींना तारेचं एकेक वेटोळं होतं आणि त्यातल्या एकावर सरकता दांडा. पहिल्या जारमध्ये ठिणगी पाडायची आणि दांडा हळूहळू सरकवायचा. नेमक्या जागी आला की दुसऱ्या जारमध्येही ठिणगी उडायची, जरा हलला की बंद. सतारीची तरफेची तारसुद्धा अशीच, सुरात लावलेली असेल तरच बोलते.

2007 मध्ये एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने 60 सेंटीमीटर व्यासाच्या दोन तांब्याच्या कॉइल (तारेची वेटोळी) वापरून दोन मीटरहून जास्त अंतरावर 60 वॉटचा दिवा पेटवला. कार्यक्षमता सुमारे 40 टक्के होती. साधारण 10 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्या कॉइलचा क्यू, म्हणजे अनुनादाची (सारख्या सुरातल्या दोघांनी एकमेकांना साथ देण्याची) तीक्ष्णता, हजाराच्या जवळ होता. दूरवर वीज पोचली ती या क्यूमुळे आणि खरी अडचणही तिथेच आहे. क्यू हजार म्हणजे वारंवारतेत एक सहस्रांश फरक पडला तरी सूर सुटू लागतो. सर्किटचा सूर कॉइल आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) मिळून ठरवतात; कपॅसिटरची धारकता, म्हणजे साठवण्याची क्षमता, एक टक्का वाढली की वारंवारता अर्धा टक्का उतरते. एक्स7आर जातीचे स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर तापमानाने 15 टक्क्यांपर्यंत बदलू शकतात, म्हणून अशा सर्किटमध्ये तापमानाने फारसे न बदलणारे सीझीरोजी किंवा फिल्म जातीचे कपॅसिटरच घालावेत. ट्रिमर, म्हणजे सूर जुळवायचा छोटा फिरता कपॅसिटर, फिरवायचा तोही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. लोखंडी पातं जवळ नेलं की सूर हलतो, आणि हात काढल्यावर जुळवलेलं बिघडलेलं असतं.

त्यात कॉइल फार जवळ आल्या की अनुनादाचं एक शिखर फुटून दोन होतात. मधल्या, मूळ वारंवारतेवर वीज उलट कमी मिळते. 2011 च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी यावर तोड काढली: अंतर बदलेल तशी वारंवारताही बदलत न्यायची. पण तेवढी मोकळीक सगळीकडे नसते. 6.78 मेगाहर्ट्झच्या खुल्या (परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या) पट्ट्यात दोन्ही बाजूंना फक्त 15 किलोहर्ट्झ जागा आहे. तिथे वारंवारता ठाम ठेवून स्विचने कपॅसिटर जोडावे-काढावे लागतात.

2017 मध्ये स्टॅनफर्डच्या शानहुई फान यांच्या गटाने वेगळी वाट धरली. बाहेरून वारंवारता न देता त्यांनी ॲम्प्लिफायर आणि फीडबॅक (बाहेर पडलेला संकेत परत आत देणारी जोडणी) जोडले. साधारण एक मीटरपर्यंत अंतर बदललं तरी सर्किट आपली वारंवारता आपणच शोधून घेत होतं. त्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्येच बरीचशी वीज वाया जायची. 2020 मध्ये त्याच गटाने स्विचिंग (झटपट चालू-बंद होणारा, म्हणून कमी वीज खाणारा) ॲम्प्लिफायर वापरून कार्यक्षमता 92 टक्क्यांवर नेली.

विजेच्या गाड्यांसाठी 79 ते 90 किलोहर्ट्झचा पट्टा ठरला आहे. तिथे चार माणसं बसली की गाडी खाली दबते आणि दोन कॉइलमधलं अंतर बदलतं, तेवढ्यानेही पुन्हा सूर लावावा लागतो.