लालबहादूर शास्त्री आणि सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस आहे, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ते सुरू झालं. संस्थापक डॉ. सुशीला नायर, तिथल्या लोकांच्या बडी बहेनजी. हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण या कॉलेजमागे लालबहादूर शास्त्रींचाही हात होता हे वर्ध्याबाहेर फारसं कुणी सांगत नाही.

शास्त्री ९ जून १९६४ ला पंतप्रधान झाले आणि ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये वारले, म्हणजे हातात जेमतेम दीड वर्ष, त्यात धान्याची टंचाई आणि पाकिस्तानशी युद्ध. त्यांच्या सरकारात आरोग्य खातं सुशीलाबेनकडे होतं. शास्त्रींचं म्हणणं असं होतं की आपल्याकडचं डॉक्टरकीचं शिक्षण गावाच्या गरजेशी जुळलं पाहिजे, नुसतं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात शिकलेला मुलगा गावात जाऊन काय करणार? म्हणून गावातच मेडिकल कॉलेज काढावं असं त्यांनी सुशीलाबेनना सुचवलं. मग असं कॉलेज काढायचं तर कुठे, या प्रश्नाला सेवाग्राम हे उत्तर जवळजवळ तयारच होतं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. कस्तुरबा १९४४ मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच वारल्या, आणि त्यांच्या नावाने १९४५ मध्ये सेवाग्रामला बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना सुरू झाला, तेच आजचं कस्तुरबा हॉस्पिटल. सुशीलाबेन स्वतः गांधीजींच्या डॉक्टर होत्या, आगाखान पॅलेसमध्येही त्यांच्यासोबत कैदेत होत्या, त्यामुळे जागा, माणूस आणि कल्पना तिन्ही एकत्र आली. १९६४ मध्येच कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, पुढे कॉलेज तिनेच उभं केलं.

शास्त्रींना ते बघायला मिळालं नाही, कॉलेज त्यांच्यानंतर तीन वर्षांनी उघडलं. मला मात्र वाटतं की पंतप्रधानाने आपल्या आरोग्यमंत्र्याला योग्य वेळी योग्य गोष्ट सुचवणं आणि मग ती तिच्यावर सोपवून देणं, हे कोनशिला बसवण्यापेक्षा कमी नाही. माणूसही तसाच होता. १९५६ मध्ये अरियालूरला रेल्वे अपघात झाला तेव्हा रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळे झाले. पंतप्रधान असताना गाडी घ्यायला बँकेचं कर्ज काढलं आणि ते गेल्यावर उरलेलं कर्ज पत्नी ललिताबाईंनी फेडलं. आणि वाढदिवस २ ऑक्टोबर, गांधीजींचाच.

आता ती सूचना कॉलेजात दिसते कशी, तर फर्स्ट इयरच्या पोरांना आधी काही दिवस आश्रमात राहावं लागतं, प्रार्थना, सफाई, श्रमदान सगळं करावं लागतं, अंगावर खादी, मेसमध्ये शाकाहार, दारू-तंबाखू बंद. त्यानंतर प्रत्येक बॅच जवळचं एक गाव दत्तक घेते, तिथे कॅम्प लागतो आणि एकेका विद्यार्थ्याला काही कुटुंबं वाटून देतात. म्हणजे ज्याने अजून एकही पेशंट तपासलेला नाही तो घरात जाऊन बसतो, कोण काय खातं, पाणी कुठून आणतात, बाळाचं वजन किती, आजीला बीपीची गोळी मिळते का, हे सगळं विचारून लिहून घेतो. कॅम्प संपला तरी त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचं असतं. या कॉलेजचं सगळ्यात मोलाचं काम माझ्या मते हेच, कारण वॉर्डात पेशंट भेटतो तो आजारासकट भेटतो, पण घरात गेल्यावर तो आजार आला कुठून ते कळतं.

‘नीट’ ही देशभरची प्रवेश परीक्षा यायच्या आधी कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची आणि तिच्यात गांधी विचारांचा वेगळा पेपर होता. बरीच वर्षं असाही नियम होता की इथल्या एमबीबीएसवाल्याला पीजी इथेच करायचं असेल तर दोन वर्षं खेड्यात काम करून यावं लागायचं.

आजूबाजूच्या गावांसाठी हॉस्पिटलने ज्वारीवरचा आरोग्य विमाही चालवला. कापणी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात वर्षभर दवाखान्यात सवलतीत उपचार घ्यायचे. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा नसतो पण सुगीला धान्य असतं, हे ओळखून केलेली योजना, आणि रुरल ओरिएंटेशन, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे काम करणं, म्हणतात ते याहून सरळ दाखवता येणार नाही.

कॉलेज आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं आहे, हॉस्पिटलात विदर्भाबरोबर शेजारच्या राज्यांतलेही पेशंट येतात. खर्चाचा अर्धा वाटा केंद्र सरकार, पाव महाराष्ट्र सरकार आणि उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते.