चालता सर्व्हर हलवायला कंपन्या का कचरतात?

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली आणि तिच्यासाठी सुरक्षा दुरुस्त्या येणं थांबलं. पुढे सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं ते सांगणाऱ्या मिररलिस्टचा पत्ताही बंद झाला; सॉफ्टवेअर बसवणारी ‘यम’ कमांड चालवली की नुसती एरर येऊ लागली. ही तारीख काही वर्षं आधीच ठाऊक होती. तरीही त्यावर चालणारे सर्व्हर आजही सापडतात. हा निव्वळ आळस आहे, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

ज्यांनी वेळेवर अपग्रेड केलं, त्यांचं काय झालं ते पाहा. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा २०२९ पर्यंत ती सांभाळली जाईल, असं धरलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ती २०२१ अखेरच बंद होणार. म्हणजे तत्परता दाखवणाऱ्यांना लगेच पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागलं, बहुतेकांना अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स या पर्यायांवर. सातवरच बसून राहिलेले मात्र २०२४ पर्यंत निर्धास्त होते. सर्व्हर सांभाळणारा माणूस असा अनुभव विसरत नाही.

शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम एकटी बदलत नाही. सातसोबत पीएचपी ५.४ आणि पायथन २.७ या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि एन्क्रिप्शनची ओपनएसएसएल १.०.२ ही लायब्ररी येत होती. अल्मा, रॉकीच्या नऊच्या पिढीत पीएचपी ८.०, पायथन ३.९ आणि ओपनएसएसएल ३ आहे. पीएचपीची मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स ७.० मध्येच काढून टाकली गेली. त्यांवर लिहिलेला बिलिंगचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर पहिल्याच क्वेरीला कोसळतो. टीएलएस १.० या कालबाह्य एन्क्रिप्शन पद्धतीवर अडकलेलं जुनं उपकरण जोडलंच जात नाही. निदान हे बिघाड डोळ्यांसमोर घडतात.

न दिसणारे बिघाड जास्त घातक. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत मजकूर क्रमवार लावण्याचे नियम बदलले. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ आहे, तिथे इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर येतं. नव्या सिस्टीमवर नेमकं उलट. पोस्टग्रेस या डेटाबेसचे मजकुरावरचे इंडेक्स, म्हणजे शोधासाठीच्या क्रमवार याद्या, जुन्या क्रमानं रचलेले असतात. डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या सर्व्हरवर ठेवली, तर सर्व्हर सुरू होतो, एरर येत नाही. पण टेबलात असलेली नोंद शोधली तर सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तोच कोड दोनदा घातला जाऊ शकतो. महिनाअखेरीला हिशेब जुळेनासा होतो तेव्हा कुठे हे लक्षात येतं. उपाय सोपा आहे: डंप (सगळ्या डेटाची निर्यात) काढून रिस्टोअर करा म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधले जातात, किंवा डिरेक्टरी हलवलीच असेल तर कुणालाही आत सोडण्याआधी रीइंडेक्स चालवा.

म्हणून चालत्या सर्व्हरवरच अपग्रेड करण्यापेक्षा शेजारी नवा सर्व्हर उभा करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी यादी करा: कोणते पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचे दरवाजे) उघडे आहेत, त्यांच्याशी कोण बोलतं, आणि प्रत्येक युजरच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) काय आहे. वर्षातून एकदाच चालणारी स्क्रिप्ट हमखास सुटते. मग बॅकअप नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करून पाहा; रिस्टोअर न केलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. किमान एक महिनाअखेर दोन्हीकडे तेच काम चालवून आकडे ताडून घ्या. बदलाच्या आदल्या दिवशीच डीएनएसचा टीटीएल, म्हणजे सर्व्हरचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा, नाहीतर काही ग्राहक तासन्‌तास जुन्याच सर्व्हरवर जात राहतील.

परतीची वाटही आधी ठरवावी लागते. बदल झाला की नव्या नोंदी फक्त नव्या सर्व्हरवर पडतात. चार तासांनी माघार घ्यायची ठरली, तर त्या चार तासांची बिलं जुन्या सर्व्हरवर नसतात. ती कोण, कशी परत चढवणार, हे कागदावर लिहिलेलं नसेल तर बदलाची तारीख पुढे ढकला.