लॅमिनेट फ्लोअरिंग घेताय? आधी पट्टीची कड बघा

लॅमिनेट फ्लोअरिंग घ्यायला गेलं की सगळी चर्चा रंगावर होते. सागवानी बरं की अक्रोडी, गडद की फिकं? पण डोळ्यांना दिसतो तो कागदावर छापलेला लाकडाचा फोटो. तो कुठलाही निवडा, टिकाऊपणात काही फरक पडत नाही. फरक पडतो त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांनी.

पट्टी हातात घेऊन तिची कड बघा. सगळ्यात वर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर असतो, त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले असतात. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर हे ऑक्साइड ९ वर, तर वाळूतला क्वार्ट्‌झ ७ वर. चपलांबरोबर घरात येणाऱ्या रेतीला तोंड देतात ते हेच कण. त्यावरूनच ‘एसी’ श्रेणी, म्हणजे झीज सोसण्याची श्रेणी, ठरते (आकडा जितका मोठा तितकी झीज कमी): सॅंडपेपर लावलेली चाकं नमुन्यावर फिरवतात आणि छापील नक्षी किती फेऱ्यांनी झिजू लागते ते मोजतात. झोपायच्या खोलीला एसी३ पुरतं. दिवसभर वर्दळ असेल तिथे एसी४ घ्यावं.

इथे हमखास गल्लत होते ती जाडीची. १२ मिलिमीटरची एसी३ पट्टी ८ मिलिमीटरच्या एसी४ पट्टीआधी झिजेल, कारण झिजतो तो वरचा थर. जाडीने पायाखालचा पोकळ आवाज कमी होतो आणि सांध्याच्या खाचेला बळकटी येते, एवढंच.

आता मधला तपकिरी गाभा. खरी गोम इथेच आहे. हा एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये मिसळून उष्णता आणि प्रचंड दाबाखाली चेपलेला बोर्ड. पाणी वरून आत जात नाही, ते सांध्यातून शिरतं. तंतू पाणी पितात, फुगतात आणि दाबून बसवलेले असल्यामुळे मोकळे होऊ पाहतात. मधले रेझिनचे जोड तुटतात. पुढे पट्टी वाळली तरी जाडी पूर्ववत होत नाही, सांध्यापाशी उंचवटा राहतोच. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं दिसलं तर विचारा, किती तासांसाठी? बहुतेकदा सांध्यांना मेणाचा लेप असतो, गाभा मात्र लाकडाचाच. जमल्यास नमुन्याचा तुकडा मागून घ्या, कडेची जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा मोजा. दोन कंपन्यांचे तुकडे शेजारी ठेवले की माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही. बाथरूममध्ये मात्र कुठलंच लॅमिनेट नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोर्डातल्या रेझिनमधून थोडा फॉर्माल्डिहाइड वायू सुटत राहतो, म्हणून निदान ‘ई१’, म्हणजे हा वायू कमी सोडणाऱ्या बोर्डाच्या, दर्जाचा शिक्का बघून घ्यावा.

खाली अंथरायचा फोम जितका जाड तितका चांगला, हाही एक गैरसमज. फोम फार मऊ असला की प्रत्येक पावलाला सांधा खाली दबतो आणि पट्ट्या एकमेकींत अडकवणारं खाचेचं लॉक तुटतं. २ ते ३ मिलिमीटर पुरे. काँक्रीटवर बसवणार असाल तर फोमखाली प्लॅस्टिकचा कागद हवाच, कारण काँक्रीटमधूनही ओलावा वर येतो.

हवेतली आर्द्रता वाढली की संपूर्ण जमीन काही मिलिमीटर पसरते. त्यासाठी भिंतीलगत चारी बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. ती फट कुणी सिमेंटने बुजवली, किंवा वजनदार ओटा पट्ट्यांवरच स्क्रूने ठोकला, तर पसरायला जागा उरत नाही आणि जमीन खोलीच्या मध्यावर उचलली जाते.